सेंट्रिंगशिवाय

पहिल्यांदा मी ते छत बांधायला घेतलं तेव्हा ते बावीस मिनिटांत पडलं. बावीस, कारण माझे मार्गदर्शक प्रोफेसर फोग्टमान यांनी मनगटावरच्या घड्याळात बघून ते मोठ्यानं सांगितलं. हालेमध्ये, म्हणजे कार्ल्सरूहेतल्या आमच्या इन्स्टिट्यूटच्या त्या भल्यामोठ्या प्रयोगाच्या शेडमध्ये, सात-आठ माणसं उभी होती. विटा एकेक करून सुटल्या, घसरल्या आणि माझ्या बुटांवर येऊन आदळल्या. कुणी हसलं नाही. इथली माणसं अशा वेळी हसत नाहीत, वहीत लिहून घेतात. त्याचाच मला जास्त राग आला.

आता हे छत कशाचं, आणि उल्का माने नावाची मिरजेची बाई कार्ल्सरूहेत विटा कशाला रचत बसली होती, ते सांगते.

माझी पीएचडी एका चर्चवर आहे. दक्षिण तुर्कस्तानात एका उजाड टेकडीवर सहाव्या शतकातलं, बायझंटाईन साम्राज्याच्या ऐन भरातलं, छोटंसं चर्च आहे. आता पडकं. त्याच्या बाजूच्या खोलीवर विटांचं कमानीचं छत होतं. ते कधीतरी कोसळलं आणि मागच्या भिंतीला चिकटलेल्या दोन-तीन ओळी तेवढ्या उरल्या. कमान बांधायची तर खाली आधी लाकडाचं सेंट्रिंग लागतं, स्लॅबखाली लावतात तसं, हे कुणीही सांगेल. फोग्टमाननी तीस वर्षांपूर्वी तेच सांगितलं. टेकडीवर लाकूड नाही, म्हणजे ते बाहेरून आणलं. एवढं लाकूड बाहेरून आणायची ऐपत फक्त राजधानीची. म्हणजे कारागीरही थेट कॉन्स्टँटिनोपलहून पाठवलेले. एवढ्या तीन वाक्यांवर त्यांचं जाड पुस्तक उभं आहे आणि त्या पुस्तकावर ते स्वतः उभे आहेत.

मी तिथे दोन उन्हाळे काढले. शिडीवर चढून उरलेल्या विटा एकेक करून मोजल्या, त्यांचे कोन घेतले. त्या विटा सरळ नाहीत. मागच्या भिंतीवर रेललेल्या आहेत, कपाटात पुस्तकं कलती ठेवली की एक दुसऱ्यावर रेलतं तशा. अशा रेलून लावलेल्या विटांना खालून आधार लागत नाही. पहिली ओळ भिंतीला धरून राहते, दुसरी पहिलीला, तिसरी दुसरीला. म्हणजे सेंट्रिंग नाही. लाकूड नाही. राजधानीही नाही. गावातल्याच माणसांनी ते बांधलं. हे माझं चौथं प्रकरण, आणि खरं सांगायचं तर बाकीची पाच प्रकरणं त्याला टेकू म्हणून लिहिलीत.

फोग्टमान म्हणाले, विटा भूकंपानं कलल्या. मी म्हणाले, सगळ्या एकाच कोनात? त्यावर ते हसले. "फ्राऊ माने, गावातल्या गवंड्यांना नकाशाशिवाय आणि सेंट्रिंगशिवाय असलं काही जमत नसतं. भिंत जमते. छत नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझा बाप गावातला गवंडीच आहे. फोग्टमानना ते माहीत नव्हतं, कारण चार वर्षांत मी ते कधी सांगितलंच नव्हतं. का सांगितलं नव्हतं, याची त्या क्षणी मला स्वतःची लाज वाटली आणि त्या लाजेच्या भरात मी बोलून गेले, "मी बांधून दाखवते."

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले. "पंधरा जूनपर्यंत हालेमध्ये बांधून दाखवा. उभं राहिलं तर प्रकरण राहील. नाही राहिलं तर ते काढायचं. नाहीतर माझी सही मिळणार नाही."

आणि मग मे महिन्यात ते बावीस मिनिटांचं नाटक झालं.

त्याच आठवड्यात आप्पा आले. तिकीट आधीच काढलेलं होतं, दोन महिन्यांचा व्हिजिटर व्हिसा होता. आप्पा म्हणजे माझे वडील, वासुदेव माने. ते बेकरीच्या भट्ट्या बांधतात. मिरज, सांगली, इचलकरंजी, जयसिंगपूर, या पट्ट्यात तुम्ही कधी बेकरीतला गरम पाव खाल्ला असेल तर तो माझ्या बापाच्या भट्टीतून निघालेला असायची दाट शक्यता आहे. भट्टीला आतून कमानीचं छत असतं. आणि तरी चार वर्षांत मी त्यांना एका शब्दानं काही विचारलं नव्हतं. चर्च म्हणजे इतिहास आणि भट्टी म्हणजे पाव, असं माझ्याही डोक्यात पक्कं बसलेलं होतं. फोग्टमानना एकट्याला नावं ठेवून कसं चालेल?

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना हालेमध्ये नेलं. पडलेल्या विटांचा ढीग तसाच होता. शेजारी पाण्यानं भरलेला टब, त्यात पुढच्या प्रयोगासाठी टाकलेल्या विटा. आप्पांनी ढिगाकडे बघितलंच नाही. ते टबापाशी थांबले.

"ह्या पाण्यात कुणी टाकल्या?"

"मी. काल रात्रीच टाकल्यात."

"का?"

"का म्हणजे? विटा भिजवतातच की, आप्पा."

त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं खुळे, भिंतीच्या विटा भिजवायच्या! भट्टीच्या छताला कोरडी वीट लागती. कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेती, तिथल्या तिथं चिकटून बसती. पोटभर पाणी पिऊन आलेली वीट काय धरणार? घसरणारच की ती."

मी टबाकडे बघत राहिले. आमच्याकडे कुणाचं घर बांधायला निघालं की येणारा-जाणारासुद्धा विचारतो, विटा भिजवल्या का? बांधकामातलं मला आतून आलेलं ज्ञान तेवढं एकच, आणि तेच मी नेमकं चुकीच्या जागी लावलं. माझ्या जागी एखादा जर्मन विद्यार्थी असता तर त्यानं विटा सरळ पॅलेटवरून उचलल्या असत्या आणि त्याचं छत उभं राहिलं असतं. गवंड्याची पोरगी म्हणून मी तोंडावर आपटले.

आप्पांनी तोवर जॅकेट काढून शर्टाच्या बाह्या दुमडल्या होत्या. एवढ्यात फ्राऊ लिंडनर आल्या. या हालेच्या सुरक्षेच्या बाई. त्यांनी आप्पांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे सांगितलं की पाहुण्यांच्या व्हिसावर आलेल्या माणसानं इथे एका विटेलाही हात लावायचा नाही. लावला तर ते श्वार्त्सआर्बाइट, म्हणजे चोरून केलेलं काम, आणि विम्याचं तर बघायलाच नको. त्यांनी जागेभोवती लाल-पांढरी टेप लावली, आप्पांच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट ठेवलं आणि टेपच्या बाहेर एक खुर्ची मांडली.

"ते नुसते बोलले तर चालेल?" मी विचारलं.

"बोलणं म्हणजे काम नाही," बाई खांदे उडवून म्हणाल्या. त्यांना माझ्या बापाचं बोलणं माहीत नव्हतं.

मी आप्पांना सगळं मराठीत सांगितलं. त्यांनी खुर्चीकडे बघितलं.

"म्हंजे मी हात लावायचा न्हाई. मग लावणार कोण?"

मी माझ्या बाह्या दुमडायला लागले.

"तू?" ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा पडला. मी दहा वर्षांची असताना एकदा त्यांची थापी उचलली होती, तर हातावर असा फटका बसला होता की दोन दिवस वळ गेला नाही. हे तुझ्यासाठी न्हाई, तू वही धर, असं म्हणाले होते. मी वही धरली. वही धरून धरून पुण्याला आर्किटेक्ट झाले, मग इथे आले. आणि आता एकोणतिसाव्या वर्षी, एवढ्या लांब, त्याच माणसासमोर मला थापी हातात घ्यायची होती. हालेचा टेक्निशियन क्युब्लर, पेन्शनला आलेला, जन्मभर वीटकामच केलेला गृहस्थ, त्यानं माझ्या हातात थापी दिली.

"अशी न्हाई धरायची," आप्पा खुर्चीवरून ओरडले. तिथून सुरुवात झाली.

पुढचे एकोणीस दिवस त्या हालेमध्ये मिरजेची मराठी घुमत होती. "डावीकडं कल दे! अजून! अगं, मागं रेलव तिला, सासरी चालल्यागत पुढं काय वाकलीय!" माल आम्ही त्या काळासारखाच केला होता, चुना, विटेची भुकटी आणि थोडं जिप्सम. विटेची भुकटी म्हणजे आपली सुरखी. ते ऐकून आप्पा खूश झाले आणि लगेच म्हणाले, यात गूळ घाल.

"गूळ नाही घालता येणार, आप्पा. त्यांच्याकडे गूळ नव्हता."

"गूळ नव्हता? मग माल धरायचा कसा त्यांचा?"

"ते नाही माहीत. पण गूळ घातला तर फोग्टमान म्हणतील, हे गुळानं उभं राहिलं."

"गुळाला नावं ठेवणारा कसला मास्तर तुझा," म्हणत ते अर्धा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण त्या अर्ध्या दिवसातही हातवारे चालूच होते.

पहिल्या दिवशी नऊ विटा बसल्या. फक्त नऊ. चुन्यानं बोटं फुटली, खांदा भरून आला, रात्री पोळीचा तुकडा मोडतानाही हात दुखायचा. पण त्या नऊ विटा सकाळी जागच्या जागी होत्या. आप्पा टेपच्या बाहेरून वाकून वाकून बघत होते, हात पाठीमागे घट्ट बांधलेले. चुकून पुढे जातील म्हणून स्वतःच बांधलेले. मला ते बघवत नव्हतं. जन्मभर ज्या माणसानं हातानंच पोट भरलं त्याला आम्ही हात मागे बांधून उभं केलं होतं, आणि त्यानं ते माझ्यासाठी मुकाट्यानं सोसलं.

आठव्या दिवशी एक अख्खी ओळ पडली. मी थापी भिरकावून दिली आणि म्हणाले, बास, मला नाही जमत, प्रकरण काढून टाकते. क्युब्लर बिचारा गोंधळून इकडेतिकडे बघायला लागला. आप्पा शांत होते.

"विटा फुटल्या का?"

"नाही."

"मग उचल."

मी थोडी रडले आणि मग उचलल्या. दहाव्या दिवसापासून क्युब्लरला "दाब" आणि "थांब" कळायला लागलं. तो मागे उभा राहून आप्पांचे हात बघायचा आणि मला जर्मनमध्ये तेच सांगायचा, तेही आप्पांच्या आधी. दोघांना एकमेकांची एक ओळ कळत नव्हती आणि दुपारी दोघं एका बाकावर बसून एकाच डब्यातला माझा उपमा खायचे. बारा जूनला शेवटची वीट बसली. मागच्या भिंतीपासून पुढच्या तोंडापर्यंत दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद, खाली लाकडाची काडी नाही.

पंधरा जूनला फोग्टमान आले, बरोबर माझ्या प्रबंधाच्या कमिटीतले आणखी दोघं. त्यांनी छताला एक फेरी मारली, मग दुसरी. मग खाली बसून टॉर्च मारून आत बघितलं, कुठे काही आधार लपवलाय का म्हणून. काही नव्हतं. उठून हात झटकत म्हणाले, अजून वजनाची चाचणी व्हायची आहे, वाळूची पोती पुढच्या आठवड्यात येतील, तोवर कुणी जवळ जायचं नाही.

"काय म्हणतोय?" आप्पांनी विचारलं.

"वाळूची पोती टाकून वजन बघायचंय म्हणतात."

"पोती कशाला? आमच्यात बांधणारा उभा राहतो. भट्टी पेटवायच्या आधी मालकाच्या समोर मीच चढतो वर." ते उठलेच. टेपला हात घातला. फ्राऊ लिंडनर "नाइन, नाइन", म्हणजे नको, नको, करत धावल्या. आप्पा थांबले. पण बाईंमुळे नाही. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं.

"बांधलं कुणी हे?"

"मी."

"मग माझ्याकडं काय बघतीस?"

मी शिडी लावली आणि चढले. खालून लिंडनरबाई कुठलासा नियम मोठ्यानं सांगत होत्या. मी एक पाय टाकला, मग दुसरा.

"मधोमध जा! कडंला काय उभी राहिलीस भिऊन!"

मधोमध गेले. काही झालं नाही. माझ्या पायांखाली ते छत जमिनीइतकंच निवांत होतं. मग मी एक उडी मारली. अगदी पोरकटपणा होता तो, पण मारली. क्युब्लरनं टाळी वाजवली आणि एकट्याचीच वाजली म्हणून हात खिशात घातले.

फोग्टमान वर बघत म्हणाले, "मान्य आहे. प्रकरण राहील." एवढं बोलायला त्यांना किती जड गेलं ते दिसत होतं, आणि तेवढ्यापुरता मला त्यांचा आदरही वाटला. मग त्यांनी बॅगेतून माझा मसुदा काढला. "फक्त एक बदल. इथे पद्धतीच्या भागात तुम्ही लिहिलंय, ज्ञानाचा स्रोत वासुदेव माने, गवंडी, मिरज. हे काढा. हवं तर आभारात घ्या, आई-वडिलांचे आभार सगळेच मानतात. पण मजकुरात, स्रोत म्हणून, एक भट्ट्या बांधणारा? लोक हसतील. 'हालेमध्ये केलेला प्रयोग' एवढं पुरेसं आहे."

मी अजून छतावरच उभी होते. खाली उतरून बोलावं असं मनात आलं, पण मग म्हटलं, नको, इथूनच बोलते.

"हेर प्रोफेसर, त्या चर्चच्या जमिनीवर मोझॅक आहे. त्यात खड्यांनी ग्रीक अक्षरं लिहिलीत. अमक्या बिशपच्या काळात तमक्यानं नवस फेडायला ही जमीन केली. पंधराशे वर्षांनी मी तिथे गुडघ्यांवर बसून ती दोन्ही नावं वाचली. छत बांधणाऱ्याचं नाव कुठेच नाही. ते नाही, म्हणूनच तुम्हाला तीस वर्षं म्हणता आलं की गावातल्या माणसाला हे जमत नाही. आता मला माहीत आहे मला कुणी शिकवलं. आणि मी ते लिहायचं नाही?"

"ही भावना झाली," ते म्हणाले. "शास्त्र नाही. नाव काढा आणि मी आज सही करतो."

आप्पांना शब्द कळत नव्हते, पण मघाशी त्यांचं नाव ऐकू आलं होतं. "माझं काय चाललंय?" मी सांगितलं. ते एकदम म्हणाले, "मग काढ की! माझ्या नावाचं काय लोणचं घालायचंय? एवढ्या भट्ट्या बांधल्या, एकीवर तरी हाय का माझं नाव? मालकाचं असतंय. तू सही घे आणि मोकळी हो."

"आप्पा," मी म्हणाले, "तुम्ही टेपच्या मागे व्हा आणि गप बसा."

जन्मात कधी मी त्यांना असं बोलले नव्हते. ते खरंच दोन पावलं मागे सरले. मग मी फोग्टमानना जर्मनमध्ये सांगितलं की नाव राहणार. सही करायची नसेल तर करू नका.

त्यांनी मसुदा बॅगेत ठेवला आणि ते गेले. दोन आठवड्यांनी दोन ओळींचं पत्र आलं, यापुढे मार्गदर्शन करणं शक्य होणार नाही. आप्पा परत गेले तेव्हा फ्रँकफुर्टच्या विमानतळावर माझ्याशी धड बोललेही नाहीत. "एवढं शिकलीस, शहाणपण तेवढं राहिलं," एवढंच म्हणाले. घरी येऊन मी उशीत तोंड खुपसून रडले, आणि दुसऱ्या दिवशी नवा मार्गदर्शक शोधायला लागले. सहा जणांनी नाही म्हटलं. सातव्या हायडेलबर्गच्या एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी प्रकरण चार वाचलं, मला बोलावलं आणि दुसरं काही न बोलता पहिलाच प्रश्न विचारला, "विटा कोरड्या होत्या की ओल्या?" तिथेच मला कळलं की माझं काम झालं.

तरी दीड वर्ष जास्त गेलं. दोन हजार अठराच्या शेवटी प्रबंध छापून हातात आला आणि मी मिरजेला फोन लावला.

"आप्पा, पुस्तक आलं. पान एकशे त्रेचाळीस. वाचून दाखवू?"

"वाच."

मी जर्मन वाचलं, मग मराठीत सांगितलं. "या पद्धतीचं ज्ञान मिरज येथील भट्टी बांधणारे गवंडी वासुदेव माने यांचं आहे. त्यांनी सांगितल्याप्रमाणे लेखिकेनं हे छत स्वतःच्या हातानं बांधलं."

पलीकडे कुणीतरी भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"दीड वर्ष घालवलंस ह्याच्यापायी," ते म्हणाले.

"घालवलं."

"त्या मास्तरानं वाचलं का?"

"माहीत नाही. पण यापुढे त्या चर्चवर लिहिणाऱ्या कुणालाही हे पान टाळून पुढे जाता येणार नाही. त्यांनाही नाही."

आप्पा म्हणाले, "परत वाच."

"मराठीतलं?"

"न्हाई. त्यांच्या भाषेतलं. त्यात माझं नाव कसं येतंय, ते ऐकू दे."

मी परत वाचलं.